देवगड–मालवण सागरी मार्ग

देवगड–मालवण सागरी मार्ग हा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड व मालवण या तालुक्यांच्या ठिकाणांना किनाऱ्यालगतच्या गावांमधून जोडणारा रस्ता आहे. रेवस (रायगड जिल्हा) ते रेडी (सिंधुदुर्ग जिल्हा) या सागरी महामार्गाचा तो एक भाग असून त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर आहे. जांभ्या दगडाचे सडे, पुळणी, खाड्या, कांदळवने आणि खडकाळ किनारा हे कोकणच्या किनाऱ्याचे सर्व प्रमुख भूप्रकार या अंतरात एकामागून एक आढळतात. ऑलिव्ह रिडले कासवांची विणीची ठिकाणे, डॉल्फिनचा वावर असलेला उथळ समुद्र, समुद्री गरुडांची घरटी आणि मालवणचे सागरी अभयारण्य यांमुळे निसर्ग अभ्यासकांच्या दृष्टीने हा मार्ग महत्त्वाचा मानला जातो. तथापि येथील बहुतेक निसर्गस्थळे ही गावकऱ्यांच्या, विशेषतः मच्छीमारांच्या, रोजच्या उपजीविकेचीही ठिकाणे आहेत. त्यामुळे या मार्गाचा विकास, पर्यटन आणि संवर्धन हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

मार्ग

देवगड शहरातून निघालेला रस्ता तारामुंबरी येथे खाडी ओलांडून मिठमुंबरीत उतरतो आणि कुणकेश्वर, कातवण, मिठबाव, हिंदळे व मुणगे या देवगड तालुक्यातील गावांतून दक्षिणेकडे जातो. आचरा नदी ओलांडल्यावर मालवण तालुका सुरू होतो. आचऱ्यापासून वायंगणी व तोंडवळी या गावांच्या परिसरातून रस्ता कालावल खाडीपर्यंत पोहोचतो. खाडीवरील पुलानंतर ओझर व कोळंबमार्गे तो मालवण शहरात येतो. मालवणपासून एक फाटा तारकर्ली व देवबागकडे जातो. देवबाग हे एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी असलेल्या भूशिराचे टोक असल्याने हा फाटा तेथेच संपतो. वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशांना मालवणला परतून, नेरूरपार येथील पुलावरून कर्ली नदी ओलांडून परुळे, म्हापणमार्गे पुढे जावे लागते.

सागरी महामार्गाच्या दक्षिण टोकाचा उल्लेख अनेक ठिकाणी ‘रेड्डी’ असा आढळतो. गावाचे स्थानिक नाव मात्र ‘रेडी’ असे आहे.

भूरचना व हवामान

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या येथील नद्या लांबीने आखूड आहेत. समुद्राला मिळण्यापूर्वी त्यांचे पात्र रुंद होऊन खाडी बनते व भरतीचे खारे पाणी त्यात बरेच आतपर्यंत शिरते. खाडीच्या मुखाशी लाटा आणि प्रवाह यांच्यामुळे वाळू साचून किनाऱ्याला समांतर असे लांबट वाळूचे दांडे तयार होतात. तांबळडेग, तळाशील आणि देवबाग ही त्याची उदाहरणे होत.

दोन खाड्यांच्या दरम्यानचा भूभाग बहुधा जांभ्या दगडाच्या पठाराचा असतो. या सपाट, उघड्या पठाराला स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. रस्ता सड्यावर चढतो तेव्हा दूरवरचा समुद्र दिसतो, आणि उतरताच माडांच्या बागा, भातशेतीचे मळे व वाडी लागते. चढ-उताराचा हा क्रम मालवणपर्यंत पुन्हा पुन्हा येतो.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात रखरखीत काळा-तांबडा दिसणारा सडा पावसाळ्यात तळ्यांनी आणि फुलांनी भरून जातो.

इतिहास

या किनाऱ्यावरील जुनी वाहतूक प्रामुख्याने जलमार्गाने होत असे. देवगड, मालवण व वेंगुर्ला ही बंदरे गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी मुंबईशी जोडलेली होती. जमिनीवरून मात्र शेजारचे गाव गाठणेही कठीण असे, कारण वाटेत येणारी प्रत्येक खाडी तरीने, म्हणजे होडीने, ओलांडावी लागे. गाडीरस्ता हवा असल्यास खाडीला वळसा घालून आत घाटाच्या दिशेने जावे लागे. त्यामुळे समोरासमोर दिसणारी दोन गावे रस्त्याने बरीच दूर पडत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. किनाऱ्यालगत सलग रस्ता असावा ही कल्पना याच सुमारास पुढे आली. रेवस–रेडी मार्गाचे काम टप्प्याटप्प्याने झाले आणि त्यातील खरा अडथळा रस्त्याचा नसून पुलांचा होता. तारामुंबरी–मिठमुंबरी पुलामुळे देवगड ते कुणकेश्वर हे अंतर पुष्कळ कमी झाले. पूर्वी या प्रवासासाठी जामसंडेमार्गे आतून वळसा घ्यावा लागत असे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आला. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाल्यानंतर आणि परुळे-चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वाहतुकीस खुला झाल्यानंतर बाहेरच्या पर्यटकांची ये-जा वाढली.

मार्गावरील निसर्गस्थळे

देवगड आणि सडा

देवगड हे तिन्ही बाजूंनी डोंगराने वेढलेले सुरक्षित नैसर्गिक बंदर आहे. वादळी हवामानात दूरदूरच्या मच्छीमार नौका येथे आश्रयाला येतात. बंदराच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या भूशिरावर देवगडचा किल्ला असून तो १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. किल्ल्यावर दीपगृह आहे. जवळच्या कड्यावर पवनचक्क्या उभारलेल्या आहेत. या उंचीवरून समुद्रपक्ष्यांचे तसेच शांत समुद्र असताना डॉल्फिनचे निरीक्षण करता येते.

देवगड तालुका हापूस आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले व त्यात सिंधुदुर्गचा समावेश आहे. येथील पुष्कळ बागा कातळावर उभ्या आहेत. सड्यात सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून आणलेली माती भरून त्यात कलमे लावली जातात. या पद्धतीमुळे पडीक समजल्या जाणाऱ्या कातळातून उत्पन्न मिळू लागले. दुसरीकडे, सड्यावरील मूळ वनस्पतींचे क्षेत्र त्यामुळे आक्रसत आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात सड्याच्या पातळ मातीत आणि साचलेल्या पाण्यात गेंद, सीतेची आसवे, कवला इत्यादी अल्पायुषी वनस्पती फुलतात. यांपैकी सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. नत्राची कमतरता असलेल्या मातीत ती सूक्ष्म जीवांपासून पोषण मिळवते. दीपकाडीची एक जाती फक्त कोकण व गोव्याच्या सड्यांवर आढळते.

याच कातळांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये ‘कोकणातील कातळशिल्पे’ या एकत्रित नोंदीत झाला. कुडोपी हे सागरी मार्गापासून आतल्या बाजूस आहे.

कुणकेश्वर

कुणकेश्वर येथील शिवमंदिर समुद्राच्या काठावरच बांधलेले आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत परिसरातील गावांच्या ग्रामदेवता तरंग व पालख्यांसह समुद्रस्नानासाठी येथे येतात. मंदिराजवळच्या टेकडीत एक गुहा असून तिच्यात पाषाणात कोरलेले मुखवटे आढळले आहेत.

कुणकेश्वरच्या समोरील उथळ पाण्यात हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन वर्षातील बराच काळ दिसतो. हा डॉल्फिन किनाऱ्यापासून फारसा दूर जात नाही. खाडीमुखांजवळ मासळीच्या थव्यांच्या पाठीवर त्याचे लहान कळप फिरतात. पाठीवरील कुबडासारखा उंचवटा व त्यावरील लहान पर ही त्याची ओळखीची खूण आहे. याच किनारपट्टीत पर नसलेला पॉरपॉईज हा लाजाळू सस्तन प्राणीही राहतो. पाण्याबाहेर तो उडी मारत नसल्याने क्वचितच दृष्टीस पडतो. खोल समुद्रात मोठे देवमासेही येतात. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर निळ्या देवमाशाची नोंद झाली होती.

हिवाळ्याच्या काही रात्री लाटा फुटताना निळसर प्रकाश दिसतो. नॉक्टिल्युका या एकपेशीय सूक्ष्मजीवाची समुद्रात वाढ झाली की पाणी हलताच हा प्रकाश उमटतो. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट असल्यास तो दिसत नाही.

मिठबाव–तांबळडेग

मिठबावजवळील तांबळडेग येथे सुरूच्या बनाने वेढलेली लांब पुळण आहे. मर्यादवेल, रावणाच्या मिशा आणि केवडा या वनस्पती येथील वाळू धरून ठेवतात. पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात. विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा असून शेवटची पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडतात.

मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा करते आणि त्यात सुमारे १०० ते १५० अंडी घालून खड्डा बुजवून समुद्रात परत जाते. पिल्लांकडे ती पुन्हा फिरकत नाही. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. उबदार वाळूतून माद्या अधिक निपजतात. बाहेर आलेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने चालतात. काळोख्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्राचा असतो. रस्त्यावरील किंवा उपाहारगृहातील दिवे जवळ असल्यास पिल्ले उलट्या दिशेने जातात आणि कोल्हे, कुत्रे, कावळे व वाहने यांच्या तावडीत सापडतात.

पूर्वी किनाऱ्यावरील गावांत कासवाची अंडी काढून नेण्याची प्रथा होती. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे घरटी संरक्षित करण्याचे काम सुरू केले. त्यानंतर वन विभागाच्या सहकार्याने ही पद्धत कोकणच्या अन्य किनाऱ्यांवर पोहोचली. गावातीलच ‘कासवमित्र’ पहाटे पुळण फिरून मादीच्या पायांचा माग शोधतात, अंडी त्याच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्ले निघाल्यावर ती सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्ले हातात धरून पाण्यात ठेवली जात नाहीत. वाळूवरून ती स्वतः चालत जाऊ दिली जातात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. त्यामुळे भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध अभ्यासकांच्या लक्षात आला.

आचरा

आचरा हे रामेश्वराचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. ठराविक वर्षांनी येणारी ‘गावपळण’ ही येथील प्रथा विशेष उल्लेखनीय आहे. रामेश्वराचा कौल मिळाल्यावर संपूर्ण गाव गुरेढोरे, कोंबड्या यांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहुट्यांत राहतो व पुन्हा कौल घेऊन परततो. या काळात गावातील सर्व व्यवहार थांबतात.

आचरा नदीच्या खाडीत कांदळवनांचे दाट पट्टे आहेत. कांदळ, तिवर, चिपी व मारांडी या येथील प्रमुख वनस्पती होत. खाऱ्या, चिखलट आणि प्राणवायू कमी असलेल्या जमिनीत जगण्यासाठी त्यांच्यात वेगवेगळी अनुकूलने दिसतात. कांदळाला खोडापासून फुटणारी आधारमुळे असतात, तर तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. कांदळाची बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांब अंकुर खाली चिखलात पडून रोवला जातो. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पांढरी चिप्पी ही कांदळवनातील वनस्पती राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केली.

मासे, कोळंबी व खेकडे यांची पिल्ले कांदळाच्या मुळांच्या आसऱ्याने वाढतात. त्यामुळे खाडीतील मासेमारी कांदळवनावर अवलंबून असते. ओहोटीच्या वेळी येथील स्त्रिया चिखलातून मुळे, तिसऱ्या आणि खडकांवरून कालवे काढताना दिसतात. खाडीकाठी खंड्या, बगळे, पाणकावळे व धीवर यांचा वावर असतो.

तोंडवळी–तळाशील आणि कालावल खाडी

तोंडवळीपासून तळाशीलपर्यंत वाळूचा एक चिंचोळा पट्टा दक्षिणेकडे गेला असून त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस गड नदीची कालावल खाडी आहे. पट्ट्याच्या टोकासमोर, खाडीच्या मुखाशी सर्जेकोट हे मच्छीमार बंदर आहे. काही ठिकाणी समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये घरांची एक-दोन रांगांपुरतीच जागा उरते. पावसाळ्यातील उधाणात येथील जमिनीची धूप होत असल्याने गावाच्या संरक्षणासाठी दगडी बंधारा घालण्यात आला आहे. असे बंधारे घरे वाचवतात. परंतु कासवाच्या मादीला चढता येईल अशी मोकळी पुळण त्यामुळे कमी होते.

या भागातील उंच सुरू, आंबा व अन्य वृक्षांवर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी असतात. हा पक्षी काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच दुरुस्त करून वापरतो. एक जुने झाड तोडले गेल्यास जोडीचे अनेक वर्षांचे ठिकाण नष्ट होते. समुद्री साप व मासे हे त्याचे मुख्य खाद्य होय.

कालावल खाडीत ‘जुवे’ म्हणून ओळखली जाणारी लहान बेटे आहेत. मसुरे परिसरातील खोत जुवा आणि हडीजवळील पाणखोल जुवा ही त्यांपैकी वस्ती असलेली बेटे होत. तेथील रहिवाशांचे येणे-जाणे होडीनेच होते. खाडीतील वाळूउपशामुळे जुव्यांच्या काठांची धूप होण्याचा प्रश्न येथे दीर्घकाळ चर्चेत आहे. खाडीच्या दोन्ही तीरांवर भरतगड व भगवंतगड हे समोरासमोरचे किल्ले आहेत.

तोंडवळी–वायंगणी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ नावाचे सागरी उद्यान उभारण्याचा प्रस्ताव शासनाने मांडला होता. भूसंपादनाच्या मुद्द्यावरून त्याला स्थानिक रहिवाशांनी विरोध केला.

मालवण

मालवण येथे कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधला. त्याचे बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले. किल्ल्याभोवतीचा समुद्र पाण्याखालील खडकांनी भरलेला आहे. हेच खडक शत्रूच्या मोठ्या जहाजांना अडथळा ठरले आणि आज त्यांच्यावरच प्रवाळ, स्पंज, समुद्री शैवाले व रंगीत मासे यांची वसाहत आहे.

या परिसराला १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. अभयारण्याचे क्षेत्रफळ २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा क्षेत्राचा भाग आहे. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतीच्या पाण्याचा गाभ्यात समावेश होतो. अभयारण्यामुळे पारंपरिक मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने मच्छीमारांनी सुरुवातीपासून त्याला विरोध केला होता. ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह झाला, त्याच्या व्यवस्थापनात आपल्याला विचारले जावे, ही त्यांची मागणी होती.

प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा, पण सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीने बनलेला जीव आहे. त्याची वाढ अतिशय मंद असते. समुद्राचे तापमान वाढल्यास त्याच्या पेशींतील शैवाले निघून जातात व प्रवाळ पांढरा पडतो. पाणबुड्या पर्यटकांचे पाय लागणे आणि नौकांचे नांगर खडकावर टाकणे ही हानीची स्थानिक कारणे आहेत.

तारकर्ली–देवबाग

तारकर्लीची पुळण व स्वच्छ पाणी पर्यटकांत विशेष लोकप्रिय आहे. येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आणि स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. संगमावरील वाळूचा उंचवटा ‘सुनामी बेट’ या नावाने ओळखला जातो. हिवाळ्यात या भागात कुरव व सुरय पक्ष्यांचे थवे उतरतात. ओहोटीच्या ओल्या वाळूत चिखल्या, तुतवार व कोरल हे उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी चरताना दिसतात. पर्यटकांनी नौकेतून कुरवांना फरसाण टाकण्याची सवय अलीकडे वाढली असून पक्षिप्रेमी तिला विरोध करतात.

जवळची अन्य स्थळे

मालवण–कुडाळ रस्त्यावरील धामापूर तलाव १५३० मध्ये बांधण्यात आला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निःसारण आयोगाने त्याला वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. तलावाकाठी भगवती मंदिर व दाट झाडी असून तेथे मलबारी कवड्या धनेश आढळतो. निवती–वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील वेंगुर्ला खडक या बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळीची विणीची वसाहत आहे. लाळेपासून बनलेल्या तिच्या घरट्यांची पूर्वी विक्रीसाठी चोरी होत असे. पावसाळ्यात तेथे जाता येत नाही.

ऋतुमान

या मार्गावरील निसर्ग ऋतूनुसार बदलतो. ढोबळ क्रम पुढीलप्रमाणे आहे.

जून ते सप्टेंबर: सड्यावरील तळी व रानफुले. समुद्र खवळलेला असतो. नौकाविहार, पाण्याखालील पर्यटन व किल्ल्याची होडी बंद राहते.

ऑक्टोबर ते डिसेंबर: स्थलांतरित पक्ष्यांचे आगमन, स्वच्छ हवा, कासवांच्या विणीचा प्रारंभ.

जानेवारी ते मार्च: कासवांच्या विणीचा मुख्य काळ, डॉल्फिन निरीक्षण, तुलनेने नितळ समुद्र, कुणकेश्वरची व मसुऱ्याजवळील आंगणेवाडीची यात्रा. आंगणेवाडीच्या यात्रेचा दिवस तिथीने नव्हे, तर देवीच्या कौलाने दरवर्षी ठरतो.

एप्रिल व मे: हापूसचा हंगाम, कासवांची शेवटची पिल्ले, पर्यटकांची सर्वाधिक गर्दी.

ऋतूइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रकही महत्त्वाचे असते. खडकांच्या खाचांतील डबक्यांत राहणारे समुद्री जीव केवळ ओहोटीला दिसतात, तर खाडीतील होडीफेरी भरतीच्या पाण्यावर अवलंबून असते. वेळापत्रक तिथीवरून ठरते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या आसपास ‘भांग’, म्हणजे कमी भरती, असते.

मासेमारी आणि संवर्धन

किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारीचा प्रमुख प्रकार म्हणजे रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी माणसे किनाऱ्यावरून ओढतात. मिळालेल्या मासळीचे सभासदांत वाटे केले जातात. यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीने मासळीचे थवे किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत, अशी रापणकरांची तक्रार आहे. त्यातून दोन्ही गटांत वारंवार संघर्ष झाले आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये करण्यात आला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासननिर्णयाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. माशांच्या प्रजननकाळात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते.

ऑलिव्ह रिडले कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क आणि प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मात्र जाळ्यात असा प्राणी अडकल्यास जाळे कापूनच तो सोडवावा लागतो, आणि जाळ्याची किंमत गरीब मच्छीमाराला परवडणारी नसते. ही अडचण ओळखून राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये भरपाई योजना सुरू केली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापल्यास छायाचित्राच्या पुराव्यावर कमाल २५,००० रुपये दिले जातात. योजनेमुळे मच्छीमारांकडून अशा प्राण्यांच्या नोंदीही मिळू लागल्या.

राज्यात २०१२ मध्ये वन विभागाच्या अंतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. याच दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सागरी जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबवण्यात आला. कांदळवनातील खेकडापालन, कालवपालन, होडीतून कांदळवन दर्शन आणि लहान मासळी सुटून जाईल अशी चौकोनी आसाची जाळी हे त्यातील उपक्रम होते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवनाची फेरी घडवतो.

पर्यटनाचा परिणाम

पूल आणि रस्त्यामुळे किनाऱ्यावरील गावांना शाळा, रुग्णालय व बाजार जवळ आला. घरगुती निवास-न्याहारी, नौकाविहार आणि आंबा विक्री यांतून उत्पन्नाची साधने वाढली. मुंबईला जाणाऱ्या तरुणांपैकी काहींना गावातच काम मिळू लागले. त्याचबरोबर पुळणीवर वाहने नेणे, रात्रीचे प्रखर दिवे, प्लास्टिकचा कचरा, डॉल्फिनच्या कळपाचा नौकांनी पाठलाग आणि खाडीकाठी भराव टाकणे हे प्रश्नही आले. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार कांदळवने, प्रवाळक्षेत्रे आणि कासवांची विणीची ठिकाणे सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. १६ मे २०२१ रोजी या किनाऱ्याला तौक्ते चक्रीवादळाचा फटका बसला, तेव्हा देवगड–मालवण परिसरात नौका, घरे व आंबा-नारळाच्या बागांचे मोठे नुकसान झाले.

सागरी महामार्गाच्या रुंदीकरणाबाबतही दोन मते आहेत. वेगवान वाहतुकीने प्रदेशाचा विकास होईल, असे एक मत आहे. रुंदीकरणात वाडीतील घरे, माडांच्या बागा आणि जुनी झाडे जातील व ज्या निसर्गासाठी प्रवासी येतात त्यालाच बाधा पोहोचेल, असे दुसरे मत आहे.

प्रवासाची सोय

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावरील नांदगाव तिठ्यावरून देवगडला जाता येते. आचऱ्याला व मालवणला कणकवलीहून, तसेच मालवणला कुडाळहूनही रस्ता आहे. कणकवली, सिंधुदुर्गनगरी व कुडाळ ही जवळची रेल्वे स्थानके होत. देवगड, आचरा व मालवण ही गावे राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांनी जोडलेली आहेत. वाटेतील थांबे पाहत जायचे असल्यास किमान दोन दिवस लागतात.

हेही पाहा

सिंधुदुर्ग किल्ला
विजयदुर्ग
मालवण सागरी अभयारण्य
ऑलिव्ह रिडले कासव
कांदळवन
कोकणातील कातळशिल्पे